पणजीची आक्काबाई

मंगळवार, दहा फेब्रुवारी १९८१. सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी कोंडीरामने दुसरा कंप्रेसर चालू केला, दाबाचा काटा सात किलोवर जाईपर्यंत त्याच्यासमोर उभा राहिला आणि मग स्टुलावर टेकला. पिंपरीच्या त्या कारखान्यात पहिली पाळी सातला सुरू होई. त्याआधी दाबलेली हवा नळांमधून सगळ्या शॉपमध्ये पोचलेली लागे. नाहीतर हवेवर चालणारी हत्यारं हातात धरून माणसं नुसती उभी राहत आणि फोरमन तणतणत कंप्रेसर हाउसकडे येई. सतरा वर्षांत कोंडीरामच्या पाळीला असं एकदाही झालेलं नव्हतं.

भिंतीच्या खिळ्याला त्याची कॅनव्हासची पिशवी होती. तिच्यात दोन सतरंज्या, सुतळीचं बंडल, तांब्या आणि एक पत्र्याचा डबा. डब्यात कुरडया, शेंगदाण्याची चटणी आणि बाजरीचं पीठ. दर माघात हा डबा पणजीच्या आक्काबाईकडे जाई. त्याची बायको गिरजाबाई तो भरून देई. आज झाकण लावता लावता ती म्हणाली होती की या खेपेला तीही येणार. साडेतीनला पाळी सुटली की ती कंपनीच्या गेटपाशी गाठोडं घेऊन बसलेली असेल. मोशीहून बसने एकटी येईल, न्यायला कुणी यायची गरज नाही.

अडचण एकच होती. पणजीला आक्काबाई नावाची कुणी बाई नव्हती.

कोंडीराम मूळचा मोशीचा. शेत भावाच्या हाती देऊन तो १९६४ साली कारखान्यात लागला, तोवर त्याने पाणी पाहिलं होतं ते इंद्रायणीचं. समुद्र त्याला दाखवला भीमराजने. भीमराज दाभोळच्या खाडीकाठचा, बौद्ध, मेंटेनन्समध्ये फिटर. १९६६ च्या फेब्रुवारीत तो गावी निघाला तेव्हा चार दिवस आमच्याकडे चल म्हणाला आणि कोंडीराम निघाला. मुंबईला भाऊच्या धक्क्यावरून पणजीची बोट सकाळी दहाला सुटली. संध्याकाळी ती दाभोळसमोर उभी राहिली. किनाऱ्याहून पडाव आला, म्हणजे उतारू न्यायला येणारं लहान गलबत. बोटीच्या पोटातल्या दारातून त्या पडावात पाय टाकायचा. पडाव लाटेवर पुरुषभर वर येई आणि पुरुषभर खाली जाई. कोंबड्यांची पाटी डोक्यावर घेतलेली एक म्हातारी उतरली. भीमराज उतरला आणि खालून हात पसरून उभा राहिला. कोंडीरामच्या मुठी काही दाराची कड सोडीनात. खलाशी दोनदा ओरडला, तिसऱ्यांदा त्याने दोर सोडला. पडाव गेला. बोट पुढे निघाली आणि तिकीट तपासणाऱ्याने कोंडीरामचं तिकीट पणजीपर्यंत वाढवून दिलं.

त्या रात्री तो डेकवर उताणा पडून राहिला. पाठीखाली इंजिनाचे ठोके लागत होते. आवाज कंप्रेसर हाउससारखाच. ठोका जरा संथ झाला की त्याला सवयीने जाग यायची, उठायला हात टेकला जायचा, आणि मग ध्यानात यायचं की हे मशीन सांभाळायची पाळी दुसऱ्या कुणाची आहे. तो परत आडवा व्हायचा. लहानपणापासून तोवर त्याला इतके तास कुणी हाक मारली नाही असं कधी घडलं नव्हतं. पणजीला बोट आठला लागली. दहाला तीच परत फिरणार होती. तो खाली उतरलाच नाही.

घरी आल्यावर गिरजाबाईने विचारलं, जेवला कुठं? रजा टाकून, भाडं भरून आपण दोन दिवस लाकडावर पडून आलो आणि कॅन्टीनचं आम्लेट-पाव खाल्लं, हे त्याला सांगवेना. पणजीला खानावळीत जेवलो म्हणाला. कुणाच्या? तोंडाला आलं ते नाव त्याने सांगितलं. त्यावर भीमराज पुढे कित्येक वर्षं हसला. "गोव्यात आक्काबाई? मारिया तरी म्हणायचंस." कोंडीराम म्हणाला, "मारिया म्हटलं असतं तर गिरजानं कुरडया धाडल्या असत्या व्हय?"

दुसऱ्या वर्षी चौघे निघाले, पाचव्या वर्षी अकरा, आणि सत्तरनंतर वीस माणसं ठरलेली. पिंपरी-चिंचवडला साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. बुधवार आणि शुक्रवार रजा टाकली की जाऊन-येऊन भागतं. गोवा बघायचा हा हेतू कुणाचाच नव्हता. बोटीवर जायचं आणि बोटीनेच यायचं. मोशीतले लोक चेष्टा करत, दर्याला तोंड दाखवून येता का रे? पण जे जाऊन आले ते पुन्हा गेले. दिवसभर मेंढीकोट चाले. कॅन्टीनचा आचारी आपला वाटा काढून घेऊन कुरडया तळून देई. ऊन कललं की साहेबराव, टूलरूममधला मोठ्या आवाजाचा माणूस, गवळणी म्हणे आणि शेजारच्या सतरंज्यांवरची अनोळखी माणसं साथीला टाळ्या धरत. पणजीहून निघताना बाटल्या चढत. त्या काळी आपल्याकडे दारूबंदी; भाऊच्या धक्क्यावर झडती होई. म्हणून जे काय असेल ते मुंबईचे दिवे दिसायच्या आत संपवायचं, असा नियमच होता. गावात जी माणसं एका पंगतीला बसली नसती ती त्या डेकवर एका डब्यात हात घालत. भीमराज म्हणे, धक्क्यावर पाय लागला की सगळ्यांना आपापली आळी आठवते.

या सगळ्यात कोंडीरामचं काम जागा धरण्याचं. डेकच्या तिकिटाला नंबर नसतो. सतरंजी ज्याची आधी पडेल, जागा त्याची. तो मंगळवारची पाळी करून संध्याकाळच्या गाडीने पुढे जाई, धक्क्यावरच झोपे आणि फळी पडताच वर चढून वीस माणसांची रांग अंथरी. धुराड्यापासून लांब, संडासापासून लांब, आणि जाताना डाव्या अंगाला. बोट दक्षिणेला जाते, दुपारचं ऊन उजवीकडून येतं. डावीकडे सावलीही मिळते आणि किनाराही दिसतो. परतताना हे उलटं होतं. म्हणजे पणजीला बाकीचे पाय मोकळे करायला उतरले की त्या दोन तासांत कोंडीरामने सगळी रांग उजवीकडे नेऊन अंथरायची आणि नवे उतारू चढतील त्यांच्यापासून राखायची. त्यामुळे पंधरा खेपांत पणजीच्या धक्क्यावर त्याचं पाऊल पडलं नाही. वरून दिसे तेवढा गोवा त्याला ठाऊक होता: झाडांची एक रांग, कौलं, एक पिवळी इमारत आणि टोपल्या घेऊन आलेल्या बाया.

त्या बायांकडून तो दोरीने पिशवी सोडून कोकम घेई, काजू घेई. घरी आल्यावर ते आक्काबाईने दिलेलं असे. गिरजाबाईला माहेर चाकणचं, सासर मोशीचं. त्यापलीकडे तिचं म्हणून कुणी नव्हतं. आक्काबाईला दोन मुली आहेत, थोरलीला स्थळ बघतायत, सुनेशी तिचं पटत नाही, हे सगळं तिने एकेका वर्षी एकेक विचारून घेतलं आणि लक्षात ठेवलं. कोंडीरामपेक्षा चांगलं लक्षात ठेवलं. एकदा त्याने धाकटीचं नाव बदलून सांगितलं तर तिने तिथल्या तिथे दुरुस्त केलं.

१९७२ च्या उन्हाळ्यात त्यांचा सहा वर्षांचा मुलगा तापाने गेला. पुढचे आठ महिने त्या घरात कामापुरतं बोलणं होतं. माघात डबा देताना गिरजाबाई म्हणाली, आक्काबाईला सांगा, माझा नाना गेला. कोंडीरामने त्या खेपेला पत्ते हातात घेतले नाहीत. परत आल्यावर त्याने चपला काढायच्या आत निरोप सांगितला: "आक्काबाई म्हनली, तिचाबी एक गेला होता. रडायचं तर रडून घ्या, पर उपाशी ऱ्हाऊ नका." गिरजाबाई चुलीपाशी बसून बराच वेळ रडली. मग उठून तिने दोघांचं ताट वाढलं. हे शब्द कोंडीरामचे स्वतःचे होते. स्वतःचे म्हणून ते त्याला आठ महिने म्हणता आले नव्हते.

१९८० च्या पावसाळ्यात तिला धाप लागायला लागली. पाय सुजत. पुण्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी हृदयाची झडप खराब झाल्याचं सांगितलं. ऑपरेशन मुंबईला होईल, पण खात्री नाही. गिरजाबाईने नको म्हटलं. गोळ्या चुकवायच्या नाहीत, जिने चढायचे नाहीत, बाकी हिच्या मनासारखं होऊ द्या, असं डॉक्टर म्हणाले. तिच्या मनात काय होतं ते तिने संक्रांतीला सांगितलं. आक्काबाईला एकदा डोळ्यांनी बघायचं. कोंडीराम म्हणाला, बघू. तिने ते हो असं धरलं, आणि आज पहाटे गाठोडं बांधलं.

साडेनऊच्या चहाला कोंडीरामने हे भीमराजला सांगितलं. भीमराजने ग्लास खाली ठेवला. त्याचं म्हणणं, सांगून टाक. फार तर चार दिवस बोलणार नाही. कोंडीरामने मान हलवली. बरं, मग तिला बोटीवर घे, भीमराज म्हणाला. आठ वाजता पणजी वरूनच दाखव, धाप लागेल म्हणून उतरू नको म्हण. कोंडीराम म्हणाला, आक्काबाई धक्क्यापासून दोनशे पावलांवर राहते असं मीच तिला सांगितलंय. आणि डेकवर वीस माणसं. त्यांतला कुणीही म्हणेल, वहिनी, तुमच्या कुरडया लई झ्याक असत्यात.

"पंधरा वर्षं खाल्ल्या की रे आपण," भीमराज म्हणाला.

साडेनऊपासून साडेतीनपर्यंत कोंडीरामने दोनदा टाकीतलं पाणी काढलं, एकदा पट्टा तपासला. काय सांगायचं ते त्याने ठरवलं होतं. फक्त पुढचा एक प्रश्न त्याच्या डोक्यात आला नव्हता.

गिरजाबाई गेटसमोरच्या मोरीच्या कठड्यावर बसली होती. हिरवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू, मांडीवर गाठोडं. बसथांब्यापासून इथवर यायला तिला तीनदा बसावं लागलं होतं. हे तिने हसत सांगितलं. गाठोड्यात आक्काबाईसाठी एक खण होता. तो तिने कोपरा उघडून दाखवला.

कोंडीराम तिच्यासमोर उभाच राहिला. "आक्काबाई गेली, गिरजे."

"कुठं?"

"वारली. पुसात. भीमराजच्या गावाकडचा मानूस आलाता, त्यानं सांगितलं."

तिने गाठोड्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. पाळी सुटलेली माणसं सायकली ढकलत त्यांच्या बाजूने जात होती.

"काय झालंतं तिला?"

हाच तो प्रश्न. त्याच्या तोंडून निघालं ते घरात रोज जे चाललं होतं तेच. "छातीचं दुखणं. झडप म्हनं."

गिरजाबाईने मान डोलावली, जणू तिला ते माहीतच होतं. "तिलाबी धाप लागायची?"

"व्हय."

"तरीबी खानावळ चालवायची. मला कधी कळू दिलं न्हाई." तिने गाठोड्यातला खण बाहेर काढला. मग म्हणाली, "तुमी जावा. लेकींना भेटून या. मी येऊन कुणाला बघू?"

त्याने तिला मोशीच्या बसमध्ये बसवून दिलं. खण तिने त्याच्या पिशवीत घातला. आणि मग तो स्टेशनवर गेला, गाडीत बसला, धक्क्यावर झोपला आणि सकाळी डाव्या अंगाला वीस माणसांची रांग अंथरली. वीस जणांच्या जागा आपल्या हाती, म्हणून यावं लागलं, असं त्याने भीमराजला सांगितलं. भीमराजने काही विचारलेलं नव्हतं. दुपारी साहेबराव ओरडला, वहिनींचा डबा कुठाय राव? कोंडीरामने डबा पुढे सरकवला. तो नेहमीसारखा संध्याकाळपर्यंत रिकामा झाला.

शुक्रवारी तो कोकम घेऊन घरी आला तेव्हा गिरजाबाई चुलीला शिवत नव्हती. तिने आक्काबाईचं तीन दिवसांचं सुतक धरलं होतं. शेजारच्या छबूबाईने विचारलं, कोण लागत होती तुमची? गिरजाबाई म्हणाली, लागायची. चौथ्या दिवशी तिने न्हाऊन कावळ्याला घास ठेवला. त्या आठवड्यातच कोंडीरामच्या ध्यानात आलं की गोळ्यांची पुडी आहे तेवढीच आहे. तो रागावला. ती शांतपणे म्हणाली, तिला कुठं गुण आला? त्याने सांगितलं, तिने गोळ्या घेतल्याच नव्हत्या, म्हणून ती गेली. गिरजाबाईने त्याच्याकडे बघितलं. म्हणाली, तुमाला त्यातलं काय ठावं? तिच्या लेकींना ठावं असंल.

खोटं आता इतकं पक्कं झालं होतं की त्यात तिने त्याच्यावरही विश्वास ठेवला नाही.

वैशाखात तो खरं सांगायला दोनदा बसला. पहिल्यांदा छबूबाई ताक मागायला आली. दुसऱ्यांदा त्याने "आक्काबाईचं" एवढंच म्हटलं आणि गिरजाबाई भिंतीकडची कूस बदलून त्याच्याकडे वळली. कित्येक दिवसांत तिचा चेहरा असा जागा झाला नव्हता. "सांगा," ती म्हणाली. कोंडीरामने सांगितलं की आक्काबाईच्या मयताला सगळी पेठ लोटली होती आणि थोरल्या लेकीने खानावळ बंद पडू दिली नाही. दुसऱ्या दिवशी गिरजाबाईने मुलगी कस्तुराला निरोप धाडला. कस्तुरा चाकणला दिलेली. तिने शनिवारच्या बाजारातून आईच्या सांगण्यावरून एक जांभळं लुगडं आणलं, आक्काबाईच्या थोरलीसाठी. आई गेलेल्या पोरीला माहेरचं म्हणून कुणीतरी नेसवायला हवं, असं गिरजाबाईचं म्हणणं. गोळ्या तिने शेवटपर्यंत घेतल्या नाहीत. सतरा जुलैला, शुक्रवारी सकाळी, कोंडीराम पहिल्या पाळीला असताना ती गेली. त्याला बोलवायला पुतण्या सायकलवर आला. कंप्रेसर दुसऱ्याच्या ताब्यात देऊन निघायला त्याला पंधरा मिनिटं लागली.

डिसेंबरात कस्तुरा आईचे कपडे वाटायला आली. जांभळं लुगडं ट्रंकेच्या तळाशी कागदात होतं. आबा, हे तसंच ऱ्हायलं की, ती म्हणाली. माघात जाल तेव्हा न्या, न्हाईतर पत्ता द्या, मी टपालानं धाडते. पेन्सिल तिने हातात घेतली होती.

"पत्ता न्हाई," कोंडीराम म्हणाला.

"खानावळीचं नाव तरी?"

"खानावळ न्हाई. बाई बी नव्हती. कधीच नव्हती."

कस्तुराला पहिल्यांदा ते समजलंच नाही. मग त्याने सुरुवातीपासून सांगितलं: पडाव, डेक, डावी बाजू, उजवी बाजू, डबा कोण खायचं ते. खण कुठं गेला ते. तो त्याने परतताना रत्नागिरीच्या पुढे पाण्यात सोडला होता. सांगायला एक घटका पुरली.

"आईनं तिचं सुतक धरलंतं," शेवटी ती म्हणाली.

"व्हय."

"गोळ्या टाकल्या तिच्यापायी."

कस्तुराने लुगडं घडी मोडू न देता खाटेवर ठेवलं, आईच्या दोन साड्या पिशवीत घातल्या आणि साडेपाचच्या एसटीने ती चाकणला गेली. त्यानंतर ती मोशीला आलेली नाही. जावई एकदा येऊन ज्वारीचं पोतं टाकून गेला. चहा घेतला, बसला नाही.

आज मंगळवार, नऊ फेब्रुवारी १९८२. जागा धरायला यंदा भीमराज पुढे जातो आहे. दुपारी तो कंप्रेसर हाउसमध्ये येऊन विचारून गेला, कुठली बाजू, कुठून मोजायचं. कोंडीरामने सतरंज्या त्याच्या हवाली केल्या आणि सगळं नीट सांगितलं. जाताना भीमराज म्हणाला, चल की, नुसता पडून राहा. कोंडीराम म्हणाला, ते आता जमायचं न्हाई. मग त्याने धुराड्याचं तेवढं लक्षात ठेवायला सांगितलं.

टाइम ऑफिसबाहेरच्या फलकावर उद्याच्या रजेची यादी लागली आहे. तिच्यात एकोणीस नावं आहेत. शेजारच्या तक्त्यावर बुधवारच्या पहिल्या पाळीत, कंप्रेसर हाउसच्या रकान्यात, कोंडीरामचं नाव आहे.